पिनेच्या जागी तार

माझ्या मामेभावाची टाटा ४०७ सावद्याजवळच्या एका केळीच्या बागेतून बाहेर निघत होती. मागे घड भरलेले, वर दोन मजूर बसलेले. गाडी पहिल्या गिअरमध्ये, वेग माणसाच्या चालीएवढा. बांधावरून पुढचं चाक उतरलं आणि खालून खट्ट आवाज आला. त्याने स्टेअरिंग उजवीकडे वळवलं, तर उजवं चाक वळलं आणि डावं भलतीकडेच तोंड करून उभं राहिलं. खाली वाकून पाहिलं, तेव्हा टाय रॉडचं एक टोक निखळून लोंबत होतं. त्या सांध्याच्या नटाला जिथे स्प्लिट पिन हवी, तिथे कुणीतरी, कधीतरी, सळया बांधायची तार पिळून घातली होती. तार झिजून तुटली, हादऱ्यांनी नट फिरत फिरत सुटला आणि सांधा मोकळा झाला. अर्ध्या तासाने हीच गाडी हायवेला लागली असती.

आपल्याकडे मालाच्या गाडीवर माणसं असतात, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. २०२१च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि १५ मजुरांचा जीव गेला. अपघाताचं कारण दर वेळी वेगळं असतं. पण ‘स्टेअरिंगचा रॉड तुटल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य वाचलं, की मला ती तार आठवते. चांगला रॉड सहसा एकाएकी तुटत नाही. सांधे झिजतात, नट ढिले होतात, आणि ते होत असताना गाडी बरेच दिवस सांगत असते. धुळ्यातले एक जुने मिस्तरी म्हणतात, “गाडी पहिले सांगस, मंग तुटस.”

ती काय सांगते, हे कळायला आधी खालची साखळी डोळ्यांपुढे आणावी लागते. ४०७सारख्या गाडीत स्टेअरिंगचा दांडा खाली एका पेटीत उतरतो. तो स्टेअरिंग बॉक्स. पेटीतून बाहेर आलेला लोखंडी हात म्हणजे ड्रॉप आर्म. तो मागेपुढे होतो आणि ड्रॅग लिंक नावाचा रॉड ओढतो किंवा ढकलतो. ड्रॅग लिंकने उजवं चाक वळतं. उजव्या चाकाला डाव्याशी बांधणारा, आखाला समांतर आडवा रॉड म्हणजे टाय रॉड. दोन्ही रॉडांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात: वाटीत बसलेला लोखंडी गोळा, भोवती ग्रीस आणि वरून रबराची टोपी. टाय रॉड सुटला तर एक चाक बेवारस होतं. ड्रॅग लिंक सुटली तर दोन्ही चाकं एकमेकांना धरून राहतात, पण चालकाच्या हातात काहीच उरत नाही. स्टेअरिंग नुसतं गरगर फिरतं.

आपला शत्रू त्या रबराच्या टोपीपाशी असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. उन्हातान्हात रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. जूनमध्ये तापीकाठच्या काळ्या मातीचा चिखल त्या चिरांतून आत शिरतो आणि ग्रीसची खळ होते. मग प्रत्येक वळणाला गोळा आणि वाटी एकमेकांना घासत राहतात. म्हणून या सांध्यांची तपासणी पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी यंत्र लागत नाही, दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना उटी लावलेली. जॅक लावायचा नाही, कारण गाडीचं वजन चाकांवर असतानाच सैलपणा उघडा पडतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावं. एकाने वर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली ड्रॉप आर्मपासून सुरुवात करून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. चांगल्या सांध्याचे दोन्ही भाग एकदमच हलतात. झिजलेल्या सांध्यात एक भाग आधी हलतो, दुसरा क्षणभर मागे राहतो आणि तळहाताला बारीक टक्‌ लागतो. तो टक्‌ डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतो. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही याच वेळी पाहावेत. पेटीच हलत असेल तर सांधे बदलून उपयोग नाही.

हे सगळं दहा मिनिटांत होतं. तरी ते होत नाही, कारण केळी थांबत नाहीत. भाव चढा असताना गाडी उभी करणं मालकाच्या जिवावर येतं. त्याची अडचण खरी आहे, मी ती घरात पाहिली आहे.

कायदाही या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८वा नियम म्हणतो, की स्टेअरिंगमधला मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबराच्या टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळातला एक तास. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हा खेळ सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धी वीत होतो. भरल्या गाडीने लळिंग घाट उतरताना अर्धी वीत फार झाली. अनुभवी मिस्तरी दोन बोटांपुढे गाडी सोडत नाहीत. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं, पण त्या दोन फिटनेसच्या मधले बारा महिने मालकाचेच असतात.

हाताने सांधे तपासून झाले, की मग आख उचलून घोड्यांवर ठेवायचा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं आणि खेळ जाणवला, तर तो बहुधा रॉडांच्या सांध्यांचा. वर-खाली धरून हलवलं तर चाक ज्याभोवती वळतं तो किंगपिन किंवा चाकाचं बेअरिंग. यांतलं कोणतं, ते ब्रेक दाबून कळतं: ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. किंगपिनला ग्रीस भरायचं तेही चाक असं अधांतरी असतानाच, म्हणजे ते भार पेलणाऱ्या बाजूपर्यंत पोचतं. ग्रीस गन लावण्यापूर्वी निपल पुसावं, नाहीतर धूळच आत जाते. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावं. ते तांबूस, पाणी झालेलं आलं तर तो सांधा बदलायला झाला. ज्यांना निपलच नाही ते सांधे बंद असतात. त्यांची टोपी फाटली की सांधाच बदलायचा.

बदलताना रॉडच्या नळीबाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवावेत आणि नवा सांधा तेवढाच आत घालावा. म्हणजे चाकांचं तोंड साधारण जागेवर राहतं आणि गाडी अलाइनमेंटपर्यंत नीट जाते. अलाइनमेंट चुकवू नये. ती बिघडलेली असली की टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत लागतं, उलट्या दिशेने करवतीसारखं.

वाकलेला रॉड तापवून सरळ करणं किंवा त्याला वेल्डिंग मारणं मात्र सरळ नाकारावं. जिथे तापवला तिथे लोखंडाचा मूळ कस जातो आणि पुढचा खड्डा तीच जागा शोधतो.

आणि पिन. खाचांचा नट पुरेसा आवळल्यावर खाच आणि भोक जुळत नसेल, तर नट मागे फिरवायचा नाही. आणखी आवळून पुढची खाच गाठायची. पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन वाकवल्या जागीच तुटते. मामेभावाच्या गाडीला आम्ही त्या दिवशी बागेतच नवा सांधा बसवला. पिन आणायला एक जण मोटारसायकलवर सावद्याला गेला, पाऊण तास गेला. तोवर मजूर बांधावर बसून राहिले आणि मामेभावाने उरलेले सगळे नट एकेक करून तपासले. ड्रॅग लिंकच्या नटालाही तारच होती.