अवजारशाळेतली सामाईक पेटी



आपल्या गटाच्या अवजारशाळेत, वेल्डिंगच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, एक काळी पेटी बसवलेली आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. आकाराने बिस्किटाच्या डब्याएवढी, पुढच्या बाजूला हिरवे दिवे. "सायेब, ह्या डब्यात ठेवलंय तरी काय?" असे शेतकी ऑफिसात आल्यावर आम्हाला अनेक जण विचारतात. म्हणून या अंकात ऊस लागणीच्या नेहमीच्या सूचना थोड्या आवरत्या घेऊन त्या पेटीविषयी लिहीत आहोत. तिचाही लागणीशी संबंध आहेच, तो पुढे येईल.

पेटीत दोन डिस्क आहेत आणि ती केबलने शाळेतल्या राउटरला जोडलेली आहे. शाळेतल्या कोणत्याही संगणकावरून ती उघडता येते. तिच्यात अवजारांचे आराखडे, प्लाझ्मा कटिंग मशीनच्या फाइली, ट्रॅक्टर व पंपांची माहितीपुस्तके, माती परीक्षणाच्या अहवालांचे कोरे नमुने अशा सामाईक वस्तू आहेत. दुकानदार तिला 'नास' म्हणतात. आपण पेटीच म्हणू.

खेड्यातली अवजारशाळा आणि संगणक यांची जोडी काही नवलाची नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तेथे २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर आराखडा काढायचा, यंत्राने भाग कापायचा, अशी ही प्रयोगशाळा. फॅब लॅबचे तत्त्वच असे की एकाने काढलेला आराखडा दुसऱ्याला वापरता यावा. आता आराखडा दुसऱ्याला वापरता यायचा तर तो कुठेतरी सर्वांच्या हाताला लागेल असा ठेवावा लागतो. एकाच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि तो पेन ड्राइव्ह विजारीच्या खिशात असेल, तर उपयोग काय?

पण सामाईक वस्तू म्हटली की सामाईक विहीर आठवते, आणि विहिरीबरोबर भाऊबंदकीही आठवते! मागच्या पूर्वहंगामी लागणीत काय झाले ते सांगतो. पेटीत साडेचार फुटी सरीच्या टूलबारचा आराखडा होता. एका सभासदांना पाच फुटी सरी हवी होती. त्यांनी तोच आराखडा उघडला, भोकांमधले अंतर १३७२ मिलिमीटरचे १५२४ केले आणि त्याच नावाने जतन करून ते निघून गेले. त्यांचे काम चोख झाले. चार दिवसांनी दुसऱ्या सभासदांनी नाव वाचून तीच फाइल कापायला दिली. पट्टी कापली, भोके पडली, अवजार रानात गेले, आणि तीन-चार तास पडल्यावर सरीचे अंतर कोणीतरी पावलांनी मोजले तेव्हा घोटाळा लक्षात आला. बेणे आदल्या दिवशीच तोडून बांधावर आणलेले, मजूर सांगून ठेवलेले. नवी पट्टी होईपर्यंत बेणे उन्हात वाळले. उगवण विरळ झाली, नांग्या भराव्या लागल्या. लोखंडाची नुकसानी एकदाची सोसता येते, पण विरळ उगवलेले रान लागणीला आणि मागून खोडव्यालाही त्रास देते.

यात पहिल्या सभासदांचा हेतू वाईट नव्हता हे आम्ही मुद्दाम लिहितो. दोघांचे बोलणे बंद होते, आता पुन्हा सुरू आहे.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर पूर्वापार फड पद्धत आहे. पाणी सर्वांचे, पण पाट कोणी आपल्या हाताने फोडत नाही. पाटकरी पाणी देतो. आम्हाला वाटते, पेटीलाही पाटकरी हवा. म्हणून आता 'पक्के आराखडे' या फोल्डरमधील फाइल सर्वांना पाहता येते, आपल्या संगणकावर उतरवून घेता येते, पण तिच्यात बदल फक्त शाळेचे फोरमन करू शकतात. ज्यांना फेरफार करायचा त्यांनी फाइल 'कच्चे काम' या फोल्डरमध्ये न्यावी, नवे नाव द्यावे आणि तिथे खुशाल खाडाखोड करावी. नावात अवजार, सरीचे अंतर, मापाचे एकक आणि तारीख एवढे यावे. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. 'फायनल', 'नवीन फायनल', 'एकदम फायनल' अशी नावे पेटीत सापडली, ती आम्ही काढून टाकली आहेत. एककाचा आग्रह एवढ्यासाठी की डीएक्सएफ जातीच्या जुन्या फाइलींत आकडा असतो, पण तो इंचाचा की मिलिमीटरचा हे लिहिलेलेच नसते. इंच धरला तर २५.४ पट फरक पडतो.

मशीनला फाइल देताना ती आधी मशीनच्या संगणकावर उतरवून घ्यावी. पेटीतूनच थेट चालवू नये. मध्येच केबल हलली किंवा उंदराने कुरतडली (हे झालेले आहे) तर पत्रा अर्धा कापून टॉर्च थांबते आणि पत्रा भंगारात जातो. आपल्या शेडला चारी बाजूंनी पत्रा असल्याने वायफाय आत नीट पोचत नाही, तेव्हा मोठ्या फाइलीसाठी केबलचाच संगणक वापरावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. "दोन डिस्क हायती न्हवं, मग काळजी कशाची?" असे पुष्कळ जण म्हणतात. दोन डिस्क म्हणजे कार्बन घालून लिहिलेली पावती. एक डिस्क जळाली तर दुसरीवर सर्व शाबूत राहते, एवढाच तिचा उपयोग. पण एका डिस्कवर पुसले की त्याच क्षणी दुसरीवरही पुसले जाते. पेटी चोरीला गेली, वळिवाच्या पावसात वीज पडून जळाली, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. यासाठी दोन उपाय केले आहेत. पेटी दररोज रात्री आतल्या फाइलींची त्या वेळची स्थिती नोंदवून ठेवते. चुकून पुसलेली किंवा बिघडवलेली फाइल कालच्या स्थितीतून परत काढता येते, फक्त वेळेवर फोरमनना सांगावे, लपवू नये. दुसरा उपाय असा की दर शनिवारी सर्व माल एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती सोडवून गट ऑफिसच्या कपाटात ठेवली जाते. ती सोडवून ठेवण्यालाच महत्त्व आहे. २०२२ साली डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला थेट उघड्या ठेवलेल्या अशा पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. कपाटातल्या डिस्कपर्यंत असला चोर पोचत नाही. याच कारणाने आपली पेटी बाहेरून, म्हणजे घरच्या मोबाइलवरून, उघडत नाही. "एवढी सोय करा की" असा आग्रह काही तरुण सभासद धरतात. आमचे मत सध्या तरी नकाराचेच आहे.

पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी फोरमनच्या संगणकावर तपासून घ्यावा. सात-बारा, आधार, बँकेचे पासबुक यांच्या प्रती पेटीत ठेवू नयेत, तिथे त्या सर्वांना दिसतात. अशा काही प्रती आढळल्या, त्या संबंधितांना परत देऊन पुसल्या आहेत. पेटीच्या खोलीत ग्राइंडर चालवू नये, लोखंडाची धूळ पंख्यातून आत जाते. लाइट गेल्यावर यूपीएसची शिट्टी वाजू लागली की तो बंद करून पळू नये. पेटी स्वतःहून नीट बंद होते, तेवढा वेळ तिला द्यावा.

पेटी वापरण्यासाठी प्रत्येकाला आपापले नाव व पासवर्ड मिळेल. घरातील मुलगा, मुलगी, सून काम पाहत असेल तर त्यांच्या नावाने वेगळे खाते घ्यावे, एकाच्या नावावर चौघांनी शिरू नये. सभासद क्रमांक घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी फोरमनना भेटावे. पाच फुटी सरीचा टूलबार आता स्वतंत्र नावाने पक्क्या आराखड्यांत ठेवला आहे. सुरू लागणीसाठी ज्यांना तो करून घ्यायचा आहे त्यांनी बेणे तोडण्याच्या निदान आठ दिवस आधी सांगावे.