ऑर्कुट कसं बदलत गेलं

ऑर्कुट हे सोशल नेटवर्क आठवतंय? गुगलमधल्या ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या तुर्की अभियंत्याने ते बनवलं, नावही त्याचंच. जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा आमंत्रणाशिवाय आत जाता यायचं नाही. पुढे दार सगळ्यांसाठी उघडलं आणि ब्राझील आणि भारतात ते घरोघरी पोचलं.

मला त्याचं स्क्रॅपबुक फार आवडायचं. मित्राच्या पानावर जाऊन लिहायचं आणि सुरुवातीला ते कुणीही वाचू शकायचं! गावच्या पारावरच्या गप्पाच जणू. कुलूप लावायची सोय नंतर आली. टेस्टिमोनियल मात्र ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने मंजूर केल्याशिवाय दिसायचं नाही. कम्युनिटी तर असंख्य: शाळेच्या, गावाच्या, आवडत्या नटाच्या.

खरा फरक पडला तो २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणल्यावर. ऑर्कुटवर एकेकाच्या घरी जावं लागायचं, इथे सगळ्यांची खबर आपल्या दारात. ऑर्कुटनेही मित्रांच्या घडामोडी दाखवायला सुरुवात केली, पण माझ्या मते तोवर उशीर झाला होता. २००८ मध्ये कारभार ब्राझीलमध्ये हलवला गेला आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं.

तुमच्या कम्युनिटीचं नाव आठवत असेल तर नक्की लिहा.