सेकंदाला 26 लाख लिटर

पावसाळा लागला की क्युसेक हा शब्द आपल्याकडे घराघरात ऐकू येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्याखाली असताना अलमट्टीचा विसर्ग 5 लाख क्युसेकच्या पुढे गेला होता आणि त्या एका आकड्यावरून दोन राज्यांत जुंपली होती. पण हा आकडा आपण नेहमी काठावरून ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, एवढं पाठ असलं तरी 70 हजार किंवा 90 हजार क्युसेकच्या मधोमध एखादी होडी असेल तर त्या आकड्याचा अर्थ काय होतो, हे काठावरून कळत नाही. ते समजून घ्यायला 1983 च्या जूनमध्ये कोलोरॅडो नदीला आलेल्या पुराइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तो पूर धरणाच्या अभियंत्यांनी मोजला, भूशास्त्रज्ञांनी मोजला आणि तीन नावाड्यांनी 17 फुटी लाकडी होडीतून मोजला.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन हे धरण आहे. उंची 710 फूट. त्याच्यामागे लेक पॉवेल हा जलाशय. 1963 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि तो पहिल्यांदा पूर्ण भरला 1980 मध्ये. म्हणजे भरायलाच 17 वर्षं लागली. त्याची मूळ क्षमता आपल्या हिशोबात सुमारे 1,175 टीएमसी. कोयना 105 टीएमसीचं, तेव्हा अकरा कोयना एका ओळीत मांडा.

1983 च्या वसंतात हा जलाशय जवळजवळ काठोकाठ होता. त्या वर्षी एल निनो जोरात होता. रॉकी पर्वतात मे महिन्यातही बर्फ पडत राहिला, आणि मग अचानक ऊन तापलं. उरलेल्या बर्फावर पाऊस कोसळला. जलाशयात येणारी आवक लाख क्युसेकच्या पुढे गेली. वीजघर आणि खालचे दरवाजे मिळून बाहेर सोडता येत होते 45 हजारांच्या आसपास. उरलेल्या पाण्यासाठी सांडवे होते: धरणाच्या दोन्ही बाजूंना कड्याच्या पोटातून खोदलेले, 41 फूट व्यासाचे दोन बोगदे. ते उघडल्यावर काही दिवसांतच आतून गडगडाट ऐकू येऊ लागला. शेकडो फूट खाली कोसळणारं पाणी बोगद्यात ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावत होतं. एवढ्या वेगात पाण्याचा दाब इतका घटतो की वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, आणि पुढे ते फुटताना सुरुंगासारखे काँक्रीटवर आदळतात. आधी अस्तर उखडलं, मग पाण्याने मागचा वालुकाश्म खायला घेतला. बोगद्याच्या तोंडातून दगडांचे तुकडे आणि लालसर पाणी बाहेर येऊ लागलं. नंतर आत उतरून पाहिलं तेव्हा डाव्या बोगद्याच्या तळाला 30 फुटांहून खोल आणि शंभर फुटांहून लांब खड्डा पडलेला होता.

म्हणून सांडव्यांतून पाणी जपून सोडायचं आणि त्यासाठी तलाव आणखी चढू द्यायचा, असं ठरलं. सांडव्याच्या दरवाज्यांवर 4 फूट उंचीचे प्लायवूडचे तक्ते उभे केले गेले. साधं प्लायवूड, सुताराच्या दुकानात मिळतं ते. त्या उंचीवर जलाशयाचा पसारा एवढा आहे की एक फूट पाणी चढलं तर सुमारे 7 टीएमसी साठतं. म्हणजे चार फुटांत 28 टीएमसी. पुण्याला पाणी देणारी चारही धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, तुडुंब भरली तर 29 टीएमसी होतात. जवळपास तेवढं पाणी प्लायवूडच्या भरवशावर होतं. हा हिशोब मी दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. पुढे त्या जागी 8 फुटी पोलादी तक्ते आले, आणि जुलैच्या मध्यावर पाणी पूर्ण पातळीच्या 8 फूट वर जाऊन थांबलं.

धरणाखाली एरवी 8 ते 25 हजार क्युसेक वाहतात. जूनच्या अखेरीला विसर्ग 92 हजारांवर गेला. सेकंदाला 26 लाख लिटर, वजनात 2,600 टन. या वेगाने खडकवासला धरण सहा तासांत भरेल. ऐकायला भयंकर, पण धरण होण्याआधी या नदीचा वार्षिक पूर सरासरी 85 हजार क्युसेकचा असे. 1921 चा पूर 1 लाख 70 हजारांचा, आणि 1884 चा ताज्या अंदाजांनुसारही 2 लाखांच्या वर. 1983 ला ज्याला महापूर म्हटलं गेलं, तो नदीच्या जुन्या सवयीप्रमाणे साधारण जून होता. वीस वर्षं धरणाखाली वल्हं मारणाऱ्यांनी मात्र तो कधी पाहिला नव्हता.

धरणाखालच्या लीज फेरीपासून ग्रँड वॉश कड्यांपर्यंत ग्रँड कॅन्यनमधून नदी 277 मैल जाते, म्हणजे 446 किलोमीटर. वाटेत दीडशेहून अधिक खळाळ. नदीचा निम्मा उतार या खळाळांत, लांबीच्या जेमतेम दहाव्या हिश्शात, उरकलेला आहे. पूर आला की यातले बरेचसे छोटे खळाळ पाण्याखाली नाहीसे होतात आणि नदी वरवर सपाट दिसते. नवख्याला हायसं वाटावं असं ते दृश्य. जाणते नावाडी मात्र तिथेच सावध होतात, कारण पाणी आता तळातून उसळून वर येत असतं, काठाशी उलटी धार धरतं, आणि दोन धारांच्या शिवेवर होडी गिळणारे भोवरे उघडतात आणि मिटतात. काही मोजक्या खळाळांचं तर पुरात अक्राळविक्राळ रूप होतं. क्रिस्टल हा त्यांतला.

क्रिस्टलचा खळाळ वयाने अगदी तरुण. 1966 च्या डिसेंबरात उत्तरेच्या पठारावर 36 तासांत 14 इंच पाऊस पडला. कोकणातल्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, पण त्या कोरड्या मुलखाला तो झेपला नाही. क्रिस्टल ओढ्यातून चिखल आणि धोंड्यांचा लोंढा नदीत येऊन पडला आणि नदीचं पात्र एक चतुर्थांशावर आवळलं गेलं. 1983 मध्ये धरणाने सोडलेलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून जाऊ लागलं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नळाची धार पडते तेव्हा पाणी आधी पातळ, वेगवान चकतीसारखं पसरतं आणि मग एका गोल कडेला एकदम उसळून जाड होतं. क्रिस्टलमध्ये हेच घडत होतं, फक्त ती कड सुमारे 20 फूट उंच होती. पाणी खोल खड्ड्यात घसरत जाई आणि समोर उभी लाट मागे, वरच्या अंगाला, कोसळत राही. नावाड्यांच्या तोंडी तर ती 30 फुटांची होती.

त्या तोंडात पाण्याचा वेग सेकंदाला 9 मीटरच्या आसपास होता, ताशी 32 किलोमीटर. रस्त्यावर हा स्कूटरचा सावकाश वेग. पण पाणी हवेच्या सुमारे 800 पट जड, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. माणसाच्या चालीने वाहणाऱ्या पाण्यात उभं राहिलं तर अंगावर साधारण 25 किलोचा जोर येतो. वेग नऊपट झाला की जोर 81 पट, म्हणजे दोन टन. लाईफ जॅकेट माणसाला तरंगतं ठेवतं, दोन टनांशी ते झुंजू शकत नाही. म्हणूनच पुरात पाण्यात पडलेला माणूस काठ दहा हातांवर दिसत असूनही तिथे पोचत नाही, आणि मैलोगणती खाली वाहत जातो.

25 जून 1983. भारतात ही तारीख लॉर्ड्सच्या विजयासाठी कायमची लक्षात आहे. त्याच दिवशी क्रिस्टलमध्ये पर्यटकांना नेणारा मोटरचा मोठा रबरी तराफा उलटला आणि त्यातल्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला. हे 30 फुटांहून लांब तराफे, सुरक्षित म्हणूनच लोक ते निवडत. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर हेलिकॉप्टरमधून दरीतल्या मुक्कामांवर प्लास्टिकच्या पिशव्या टाकत होते. आत चिठ्ठी असे, मुक्काम उंचावर करा, सावध राहा. क्रिस्टलपाशी प्रवाशांना उतरवून काठाने चालत न्यायचा हुकूम निघाला.

आणि त्याच रात्री अकराच्या सुमारास केंटन ग्रुआ, रूडी पेट्शेक आणि स्टीव्ह रेनॉल्ड्स या तीन नावाड्यांनी लीज फेरीहून होडी पाण्यात ढकलली. पौर्णिमा होती, आपल्या पंचांगातली वटपौर्णिमा. होडीचं नाव एमरल्ड माइल. ती मार्टिन लिटन या सहल-व्यावसायिकाच्या ताफ्यातली, आणि त्याच्या होड्यांना माणसाने नष्ट केलेल्या निसर्गस्थळांची नावं असत. एमरल्ड माइल हे कॅलिफोर्नियातल्या तोडल्या गेलेल्या रेडवूडच्या राईचं नाव. ग्रुआला ही दरी पाठ होती. काही वर्षांपूर्वी त्याने तिची सबंध लांबी पायी पार केली होती, आणि सलग तसं करणारा तो पहिलाच. एरवी वल्ह्यांच्या होडीला या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागतात. 1951 मध्ये रिग बंधूंनी तो 52 तास 41 मिनिटांत केला होता, ग्रुआने स्वतः 1980 मध्ये 47 तासांच्या आसपास. आता त्याला पुराची ओढ वापरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिस्टलपाशी विसर्ग 70 हजारांच्या घरात होता. होडी 17 फूट, लाट 20. सरळ गणित आहे: होडी लाटेवर उभी चढली, माथा गाठायच्या आत तिची लांबी संपली, आणि ती उलटली. तिघंही पाण्यात. खाली वाहत जाताना त्यांनी तिला गाठलं, सुलटी केली आणि पुन्हा वल्ही हातात घेतली. पुढचे 179 मैल बाकी होते. 27 जूनला दुपारी बाराच्या आत ते दरीच्या तोंडाशी पोचले. वेळ 36 तास 38 मिनिटं. सरासरी ताशी 12 किलोमीटर, थांबे, अंधार आणि उलटलेली होडी धरून.

या धाडसाने मी भारावतो, हे मी लपवत नाही. पण त्याला मी एक अट घालतो. ते तिघं धोका पूर्ण ओळखून, फक्त स्वतःच्या जिवावर उतरले होते. क्रिस्टलमध्ये जीव गमावलेला प्रवासी सहलीचं तिकीट काढून आला होता, आणि त्याने विकत घेतलेली नदी मधल्या काळात दुसरीच झाली होती. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर लोक राफ्टिंगला जातात ते भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. ते पाणी वेळेचं आणि मापाचं असतं. घाटात रात्रभर कोसळून ओढ्यांतून जे पाणी उतरतं, त्याचं मोजमाप वीजघराच्या वेळापत्रकात नसतं. तिथे जाणाऱ्याने वाटाड्याला विचारावं ते हे, की आज नदीत येणारं पाणी कुठून येतंय. हेल्मेट मिळेल का, हा प्रश्न त्यानंतरचा.

विसर्गाच्या आकड्याइतकाच धोका, असंही नसतं. सुझन कीफर या भूशास्त्रज्ञ बाईंनी त्या वर्षी क्रिस्टलचा अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: पाणी वाढत गेलं तशी लाट वाढत गेली, पण एका मर्यादेनंतर त्या वेगाने 1966 चे धोंडेच हलायला लागले. नदीने आपलं तोंड रुंद करून घेतलं. आधी एक चतुर्थांशावर आवळलेलं पात्र पूर ओसरला तेव्हा सुमारे 40 टक्के मोकळं झालं होतं. ग्रँड कॅन्यनमधल्या जुन्या खळाळांत हे प्रमाण साधारण निम्मं असतं. म्हणजे क्रिस्टलचं काम अर्धवट राहिलं, आणि ते पुरं करायला त्याहून कितीतरी मोठा पूर लागेल. त्या दिवसांत तिथून गेलेल्या नावाड्यांनी एका खळाळाला घडताना पाहिलं, आणि हे बक्षीस मला विक्रमापेक्षा मोठं वाटतं.

पुराचं देणं आणखी एक आहे, वाळू. वरून येणारा नव्वद टक्क्यांहून जास्त गाळ आता धरणामागे अडतो, त्यामुळे खालचे वाळूचे काठ झिजत जातात. ते परत भरावेत म्हणून 1996 मध्ये मुद्दाम 45 हजार क्युसेकचा पूर आठवडाभर सोडला गेला, आणि नंतरही तसे प्रयोग झाले. पुरानंतर धरणातही दुरुस्ती झाली: सांडव्याच्या बोगद्यांत हवा मिसळण्याच्या खाचा केल्या गेल्या, जेणेकरून बुडबुड्यांचा मारा पुन्हा होऊ नये.

एमरल्ड माइलची वेळ 2016 च्या जानेवारीत मोडली गेली. बेन ऑर्किनने एकट्याने कयाकमधून 34 तास 2 मिनिटांत दरी पार केली, तेही महापूर नसताना. वल्ह्यांच्या लाकडी होडीला मात्र पुन्हा तसं पाणी मिळालेलं नाही, कारण लेक पॉवेलमध्ये सांडव्यातून सोडण्याएवढं पाणी उरतच नाही. 1983 मध्ये समुद्रसपाटीपासून 3,708 फुटांवर असलेली पातळी 2023 च्या सुरुवातीला 3,520 च्याही खाली आली होती. चाळीस वर्षांत 188 फूट. जलाशयाच्या वरच्या टोकाला कॅटरॅक्ट कॅन्यनमध्ये जे खळाळ धरणाच्या पाण्याखाली बुडाले होते, ते आता एकेक करून उघडे पडत आहेत, आणि गाळ दर हंगामात सरकत असल्यामुळे तिथल्या नावाड्यांना दरवर्षी त्यांची वाट नव्याने शोधावी लागते.