शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं इंजिन

मुलांनो, डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, माहीत होतं का तुम्हांला? रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ते इतकं सुरळीत चाललं, की ही गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात आली, असं पुढे डिझेलनेच सांगितलं. (पुष्कळ ठिकाणी १८९३ हे साल छापतात. आमच्या प्रश्नमंजूषेत मीही तेच बरोबर धरून गुण दिले होते! त्या वर्षी इंजिनाची पहिली चाचणी झाली, पण शेंगदाण्याच्या तेलावर नव्हे.)

या इंजिनात ठिणगी लागत नाही. सायकलचा पंप भराभर मारला की गरम लागतो ना? दाबली की हवा तापते. इंजिनात ती इतकी दाबतात, की तेलाचा फवारा आत गेल्याबरोबर पेट घेतो.

मग ट्रॅक्टरमध्ये गोडेतेल ओतलं तर? ओतू नका हं! ते डिझेलपेक्षा कितीतरी दाट. फवारा नीट उडत नाही, तेल अर्धवट जळतं, आत काजळी साचते. म्हणून कारखान्यात तेलाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडवतात. ग्लिसरीन खाली बसतं, वर पातळ इंधन राहतं. तेच बायोडिझेल.

पण आपल्याला खायचंच तेल पुरत नाही, निम्म्याहून जास्त परदेशातून येतं. ते जाळायचं कसं? म्हणून २००३च्या सुमारास मोगली एरंडाचा, म्हणजेच चंद्रज्योतीचा, मोठा गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर झाडं लावली. झाड जगतं खरं, पण पाणी-खताशिवाय बिया पुरेशा धरत नाही. बेत फसला.

आईबाबांनो, इथे नीट लक्ष द्या. गावोगावी कुंपणाला हे झाड असतं आणि त्याच्या बिया विषारी असतात. चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात, अन् मग उलट्या-जुलाब सुरू होतात. मधल्या सुट्टीत माझी नजर कुंपणावरच असते. कुणी खाल्ल्याच, तर रागवत बसू नका. एखादी बी बरोबर घ्या आणि आधी दवाखाना गाठा.

आता लक्ष गेलंय तळणाच्या तेलाकडे. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल आरोग्याला वाईट, म्हणून २०१८पासून त्यावर सरकारी मर्यादा आहे. घरच्या कढईत उरतं वाटीभर. पण रोज वड्यांचे घाणे काढणाऱ्या हॉटेलांतून डबेच्या डबे निघतात, आणि त्याचं बायोडिझेल होतं.