जुन्या पिकअपचा 'मेंदू' बदलताना

अमेरिकेतील शेतांवर, बांधकामांवर आणि लहान गावांच्या रस्त्यांवर फोर्ड कंपनीचे १९८७ ते १९९६ या काळातील एफ-१५० पिकअप ट्रक आजही राबताना दिसतात. त्यातले ४.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन तर दणकटपणासाठी नावाजलेले. मात्र तिशी गाठलेल्या या गाड्या एका वेगळ्याच दुखण्याने अडून बसतात. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स सुस्थितीत, तरीही गाडी आचके देते, काळा धूर ओकते, सिग्नलला उभी असताना बंद पडते. अशा वेळी संशयाची सुई जाते ती जाडजूड पुस्तकाएवढ्या धातूच्या एका डबीकडे. हाच इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक.

ईईसी-४ या नावाने ओळखली जाणारी ही प्रणाली फोर्डने १९८३च्या मॉडेलांपासून आणली. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडला आहे, पाण्याचे तापमान, धुरात उरलेला प्राणवायू अशा गोष्टींची माहिती सेन्सर पुरवतात आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, हे संगणक ठरवतो. मुख्य प्रोसेसर निकामी झाला तरी गाडी लगेच रस्त्यात सोडून देत नाही. ठिणगीची वेळ ठरावीक ठेवून ती कशीबशी घरापर्यंत पोहोचावी, अशी सोय मूळ रचनेतच आहे. त्यामुळेच 'गाडी चालते, पण जीव नाही' ही तक्रार कधी कधी याच डबीकडे बोट दाखवते.

गंमत अशी, की डबीतील प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतात ते काही रुपयांचे कपॅसिटर. या सर्किट बोर्डावर बहुधा तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या इवल्याशा नळकांड्यात द्रवरूप रसायन भरलेले असते. उष्णतेने आणि वयाने त्याचे तळाचे रबर कडक होते आणि रसायन झिरपू लागते. तापमान १० अंशांनी वाढले, की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील ठोकताळा आहे. झिरपलेले रसायन बोर्डावरील तांब्याच्या बारीक रेषा खाऊ लागते. डबी उघडल्यावर कुबट, मासळीसारखा वास आला आणि कपॅसिटरखाली तपकिरी डाग दिसला, तर निदान जवळपास झालेच म्हणायचे.

पण डबी उघडण्याआधी, आणि नव्या संगणकाची किंमत विचारण्याच्या तर कितीतरी आधी, थोडी शहानिशा हवी. गॅरेजमध्ये ज्याचा उलगडा होत नाही त्याचे खापर संगणकावर फोडण्याची रीत जुनीच आहे. बदललेला संगणक बसवूनही दुखणे तसेच राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. पहिली पाहणी बॅटरी, तिच्या तारा, संगणकाला वीज देणारा रिले आणि अर्थिंगची. अर्थिंगचा गंजलेला एक नट संगणकाला वेडे करू शकतो.

दुसरी पाहणी अधिक उद्बोधक आहे. संगणक सेन्सरांना ५ व्होल्टचा ठरावीक दाब पुरवतो. थ्रॉटलच्या सेन्सरपाशी मल्टिमीटर लावून तो दाब मिळतो का, हे पाहावे. मिळाला नाही तर लगेच संगणकाला मृत घोषित करू नये. एखाद्या सेन्सरमध्ये किंवा तारेत शॉर्ट झाला, तरी हा दाब कोसळतो. एकेक सेन्सर सोडवत जावे. अमुक एक काढताच ५ व्होल्ट परतले, तर दोषी सापडला आणि मोठा खर्च वाचला. तिसरी पाहणी संगणकाच्या स्वयंचाचणीची. चाचणीच्या कनेक्टरमध्ये तारेचा तुकडा जोडून चावी फिरवली, की डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकून अंक सांगतो. जुन्या गाड्यांत ११ आणि नंतरच्या गाड्यांत १११ म्हणजे सारे ठीक. वीजपुरवठा आणि अर्थिंग नीट असूनही दिवा काहीच बोलत नसेल, तर मात्र संशय बळावतो.

आता डबी मिळवायची कोठून? भंगारातून आणलेली स्वस्त पडते, पण तिच्यातील कपॅसिटरही तितकेच म्हातारे असतात. आज चालली तरी उद्याची खात्री नाही. दुरुस्ती करून विकणाऱ्या व्यावसायिकांकडून घेतल्यास जुनी डबी परत करण्याच्या बोलीवर अनामत द्यावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे आपलीच डबी वाचवणे. तांब्याच्या रेषा शाबूत असतील, तर १०५ अंश सेल्सिअस क्षमतेचे नवे कपॅसिटर बसवणे सोल्डरिंग येणाऱ्या माणसाला अवघड नाही. मात्र आधी बोर्डावरील झिरपलेले रसायन पूर्ण पुसून काढावे लागते.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्या आतून सारख्या नसतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रदूषणाचे निकष यांनुसार आतील आज्ञावली बदलते. लेबलावरचा छोटा अक्षर-अंकी संकेत मूळ डबीशी जुळलाच पाहिजे. एफ-१५०च्या ई४ओडी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गिअरही हाच संगणक बदलतो. मॅन्युअल गाडीची डबी तेथे लावली, तर गिअर पडणारच नाहीत.

नवी डबी जोडण्याआधी जुनी कशाने गेली, हे तपासणेही तितकेच गरजेचे. एखादा इंजेक्टर किंवा सोलेनॉइड शॉर्ट होऊन आतील ट्रान्झिस्टर जळाला असेल, तर नवी डबीही त्याच वाटेने जाईल. बाकी काम सोपे आहे. बॅटरीची ऋण तार काढायची, ६० पिनांच्या कनेक्टरचा एकच बोल्ट सोडवायचा, पिनांवर हिरवट गंज आहे का ते पाहायचे आणि डबी बदलायची.

महाराष्ट्रातील पिकअपधारकांनाही हा विषय परका राहिलेला नाही. एप्रिल २०१७मध्ये देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर भाजीपाला वाहणाऱ्या डिझेल पिकअपही संगणकावर चालू लागल्या. फरक इतकाच, की नव्या गाड्यांत संगणकाची जोडी चावीशी आणि इंजेक्टरच्या संकेतांशी जुळवावी लागते. त्यासाठीची साधने स्वतंत्र गॅरेजकडे असतीलच असे नाही. सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता, तो याच प्रश्नापायी. जुन्या एफ-१५०मध्ये ही अडचण नाही. योग्य डबी लावली, की गाडी सुरू होते.

बॅटरी काढल्याने मात्र संगणकाने साठवलेली जुळवाजुळव पुसली जाते. पहिले काही मैल इंजिनाची चाल अस्थिर वाटली, तर घाबरण्याचे कारण नाही. संगणक पुन्हा शिकत असतो. आणि अनामत सोडवण्याची कितीही घाई असली, तरी गाडी आठवडाभर थंडीत, उन्हात आणि ओझ्याखाली चालवून पाहिल्याशिवाय जुनी डबी परत पाठवू नये.