फ्रीस्टाईल कुस्ती आणि तिचे शौकीन

भेद : प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीस लागली की निकाल, ही आपली आखाड्यातील कुस्ती, तर दोरांनी वेढलेल्या रिंगणात पंचाने तीन अंक मोजेपर्यंत त्याचे खांदे दाबून धरावयाचे, आणि जिचा निकाल बहुधा पूर्वनियोजित असतो, ती व्यावसायिक कुस्ती. मुंबईत तिला ‘फ्रीस्टाईल’ म्हणत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, तो ऑलिंपिकमधील फ्रीस्टाईल प्रकार सर्वस्वी निराळा.

दारासिंग (१९२८–२०१२) : १९५४ साली ‘रुस्तम-ए-हिंद’ किताबाचा मानकरी. वसई तालुक्यातील वटार गावाकडील शौकिनाने नालासोपाऱ्यास गाडी धरून मुंबई गाठावी, तर या मल्लाच्या लढतींचे विख्यात ठिकाण म्हणजे वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम. हंगेरीत जन्मलेला प्रचंड देहाचा किंगकाँग हा त्याचा चिरपरिचित प्रतिस्पर्धी. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझ या मल्लावर विजय मिळविला. निवृत्ती १९८३, दिल्ली.

दूरचित्रवाणीचा काळ : केबल आली आणि शौक घराघरांत शिरला. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीचे नाव २००२ साली ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ झाले. २००७ च्या जुलैत ‘द ग्रेट खली’ दलीपसिंग राणा तिचा जागतिक हेवीवेट विजेता ठरला.

पत्ते : नव्वदच्या दशकातील मुलांच्या या शौकाचा खरा दस्तऐवज. प्रत्येक पत्त्यावर मल्लाचे छायाचित्र, खाली उंची, वजन, छाती, दंड आणि रँक. एकाने आकडा पुकारावा, सरस ठरल्यास समोरच्याचा पत्ता जप्त.

मातीची परंपरा : कोल्हापूरचे खासबाग मैदान, राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले; ‘महाराष्ट्र केसरी’ किताब १९६१ पासून.