एक लाख जर्मन गेले कुठे? कॅनडातील पूर्वजशोध आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या नोंदी

कॅनडाच्या १९११ च्या जनगणनेत ज्यांचे मूळ जर्मन म्हणून नोंदले गेले, अशांची संख्या सुमारे चार लाख होती. १९२१ मध्ये ती तीन लाखांच्याही खाली उतरली. मधल्या दहा वर्षांत एक लाख जर्मन देश सोडून गेले नव्हते, की कोणत्या साथीने नेमके त्यांनाच वेचून नेले नव्हते. मात्र त्याच दशकात 'डच' मूळ असलेल्यांची संख्या सुमारे ५५ हजारांवरून १ लाख १७ हजारांवर गेली. हॉलंडहून तितकी जहाजे आल्याची नोंद कुठेही नाही. माणसे होती तिथेच होती. बदलला होता तो जनगणनेच्या तक्त्यातील एक शब्द.

तो का बदलला, हे समजण्यासाठी ऑन्टारिओतील एका शहराकडे पाहावे. आज जिथे माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, त्या किचनर शहराचे नाव १९१६ पर्यंत बर्लिन होते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच तेथील व्हिक्टोरिया उद्यानातील कैसर विल्हेल्म पहिला याचा अर्धपुतळा तळ्यात फेकण्यात आला. १९ मे १९१६ रोजी शहराचे नाव बदलावे की नाही यावर मतदान झाले. १,५६९ विरुद्ध १,४८८, म्हणजे अवघ्या ८१ मतांनी नाव बदलण्याचा निर्णय झाला. पुढच्याच महिन्यात नवे नाव निवडण्यासाठी पुन्हा मतदान झाले आणि ३४६ मतांच्या बळावर 'किचनर' हे नाव निश्चित झाले. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला आणि कर्झनशी झालेल्या वादामुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेला तोच हा किचनर. जून १९१६ मध्ये त्याचे जहाज बुडाले आणि त्याचा स्वतःचा कसलाही संबंध नसलेल्या एका जर्मन वस्तीला त्याचे नाव चिकटले.

अशा वातावरणात जनगणनेचा कारकून दारात उभा राहून 'मूळ कोणते?' असे विचारतो, तेव्हा उत्तर देणारा केवळ वंश सांगत नसतो. आपण सुरक्षित आहोत की नाही याचाही अंदाज घेत असतो. १९१७ च्या युद्धकालीन निवडणूक कायद्याने, शत्रुराष्ट्रात जन्मलेल्या आणि ३१ मार्च १९०२ नंतर कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या बहुतेकांचा मताधिकार काढून घेतला होता. ती आठवण १९२१ मध्ये ताजी होती.

तरीही १९२१ च्या नोंदीत 'डच' दिसले की घाबरलेला जर्मन, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. या एका शब्दामागे निदान तीन वेगळे इतिहास दडलेले असतात. पहिला उघडच भीतीचा. दुसरा पेनसिल्व्हेनियाचा: वॉटर्लू परगण्यात १८०० च्या सुमारास आलेले मेनोनाइट शेतकरी पेनसिल्व्हेनियातून आले होते आणि तेथील जर्मन भाषकांना इंग्रजीत पूर्वापार 'डच' म्हटले जाई. तिसरा मॅनिटोबाचा. १८७४ पासून रशियातून येऊन तेथे वसलेल्या मेनोनाइटांचे पूर्वज सोळाव्या शतकात नेदरलँड्समधून प्रशियातील विस्तुला नदीच्या मुखाकडे आणि तेथून अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियात गेले होते. घरात ते जर्मनची बोली बोलत, जन्म रशियातला, आणि मूळ डच सांगितले तर त्यात खोटे काही नव्हते. एकाच कुटुंबाच्या नोंदीत 'रशियन', 'जर्मन' आणि 'डच' असे तिन्ही शब्द आढळले, तर तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

हाच अनुभव वयाच्या बाबतीत येतो. नोव्हेंबर १८२५ मध्ये जन्मलेला, पुढे ऑन्टारिओत शेती करणारा एक माणूस कल्पनेत घ्यावा. १८५१ ची म्हणून ओळखली जाणारी जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली आणि तिच्यात चालू वय नव्हे, तर पुढच्या वाढदिवसाला पूर्ण होणारे वय विचारले होते. त्यामुळे या माणसाचे वय २७ लिहिले गेले. संशोधक १८५१ मधून २७ वजा करतो आणि जन्मवर्ष १८२४ धरतो. जानेवारी १८६१ च्या जनगणनेतही पुढच्या वाढदिवसाचेच वय, म्हणजे ३६. उत्तर येते १८२५. एप्रिल १८७१ मध्ये पूर्ण झालेली वर्षे मोजली गेली, म्हणजे ४५. उत्तर येते १८२६. तीन नोंदी, तीन जन्मवर्षे आणि कोणीही एक अक्षर खोटे बोललेले नाही. अनेक हौशी वंशावळींत अशा एका माणसाचे तीन भाऊ करून टाकलेले आढळतात!

जन्मस्थानाचा घोळ याहून खोल आहे, कारण १८७१ पूर्वी 'जर्मनी' नावाचे एकसंध राष्ट्रच नव्हते. बाडेन, वुर्टेम्बर्ग, हेसेन, बव्हेरिया, प्रशिया अशी स्वतंत्र राज्ये होती. कोणी आपल्या राज्याचे नाव सांगे, कोणी भाषेवरून सरळ 'जर्मनी' म्हणे. आल्सेसमध्ये जन्मलेल्या माणसाची गोष्ट तर आणखी गमतीची: १८६१ मध्ये तो 'फ्रान्स' सांगतो, १८८१ मध्ये 'जर्मनी'. गाव तेच, सरहद्द मात्र मधल्या काळात त्याच्या गावावरून पुढे सरकलेली.

नावांच्या गुंत्याचे मराठी वाचकाला फारसे नवल वाटू नये. पाळण्यातले नाव एक, हाकेचे दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरेच, ही आपल्याकडचीही रीत. जर्मन घरांत मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी दोन-तीन नावे मिळत. त्यांतले पहिले, विशेषतः 'योहान', घरातल्या सर्वच मुलांना दिलेले असू शकते. व्यवहारातले नाव बहुधा दुसरे किंवा शेवटचे असे. योहान गेओर्ग, योहान आडाम आणि योहान हाइनरिश हे तीन सख्खे भाऊ कॅनडात जॉर्ज, ॲडम आणि हेन्री होतात. जहाजाच्या यादीतला 'योहान' यांपैकी कोणता, हे पत्नीचे नाव, मुलांची वये आणि सोबतचे प्रवासी यांवरूनच ठरवावे लागते. भरीस भर म्हणजे मूल दगावले, की त्याचेच नाव पुढच्या मुलाला देण्याची प्रथा होती. बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून हरखून जाण्याआधी त्याच गावच्या दफननोंदी पाहाव्यात. नाही तर दोन वर्षांचे होऊन वारलेले बाळ कुणाचे तरी पणजोबा होऊन बसते.

आडनावेही स्थिर नव्हती. श्मिट, श्नायडर, म्युलर यांचे स्मिथ, स्नायडर, मिलर होणे सोपे होते. त्सिमरमान कधी कार्पेंटर झाला, क्लाइन कधी लिटल. बंदरावरच्या अधिकाऱ्याने नाव बदलले, ही बहुतेक घराण्यांत सांगितली जाणारी कथा मात्र पुराव्याला टिकत नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटण्यापूर्वीच, युरोपच्या बंदरात तयार होत. नाव हळूहळू शाळेत, चर्चमध्ये, दुकानाच्या पाटीवर, पगाराच्या वहीत बदलत गेले. १९५७ ते १९६३ या काळात पंतप्रधान असलेले जॉन डीफेनबेकर यांचे पितृकूल बाडेनमधले. मूळच्या 'डीफेनबाखर'चा उच्चार इंग्रजी जिभेला सोसेल असा झाला, तरी निवडणुकांत विरोधकांनी ते नाव त्यांच्याविरुद्ध वापरलेच. वेस्टफालियाच्या काही भागांत तर शेतवाडीचे नाव हेच आडनाव असे. त्या वाडीची वारस असलेल्या मुलीशी लग्न करणारा पुरुष वाडीचे नाव घेई. गावावरून 'कर' लावणाऱ्या आणि वतनावरून देशमुख-कुलकर्णी होणाऱ्या समाजाला हे समजावून सांगायला नको.

जहाजांच्या नोंदींनी बरेच काही सुटेल, अशी आशा असते. कॅनडात आलेल्यांच्या सलग नामवार याद्या क्वेबेक बंदरासाठी १८६५ पासून मिळतात. त्याआधीच्या फुटकळ आहेत. युरोपच्या बाजूला हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या बव्हंशी टिकल्या आणि त्यांत प्रवाशाचे शेवटचे राहते गावही असते. ब्रेमेनच्या याद्या मात्र जागेअभावी वेळोवेळी नष्ट केल्या गेल्या, उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हॅम्बुर्गहून अनेक जण आधी इंग्लंडमधील हल बंदरात उतरत, रेल्वेने लिव्हरपूल गाठत आणि तेथून क्वेबेकचे जहाज धरत. त्यामुळे कॅनडातील यादी लिव्हरपूलचे नाव सांगते आणि घराण्यात 'आम्ही इंग्लंडमार्गे आलो' याचे रूपांतर दोन पिढ्यांत 'आम्ही इंग्लंडचे' असे होते.

खरी किल्ली म्हणजे गावाचे नाव. ते मिळाले, की जर्मनीतील चर्चच्या नोंदवह्या उघडतात. संपूर्ण जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८७६ पासूनच असल्याने त्याआधीचा आधार मुख्यतः या वह्यांचाच. कॅथलिक वह्या 'माट्रिकुला' या संकेतस्थळावर विनामूल्य, तर प्रोटेस्टंट वह्या 'आर्खिऑन'वर शुल्क भरून पाहता येतात. अडचण लिपीची असते. 'कुरेंट' या जुन्या धावत्या लिपीत न, उ आणि ए ही अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात. मोडीतली पणजोबांची कागदपत्रे हातात घेऊन बसलेल्या माणसाला ही हतबलता परिचयाची वाटेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कुरेंटमध्ये एक रेघ चुकली की आडनाव बदलते. महाजालावरच्या सूचीत नाव सापडले नाही, याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो, की सूची करणाऱ्याने ते वेगळे वाचले.

मग नोंदी भांडू लागल्यावर कोणाचे मानावे? बहुमत घेणे ही सर्वांत मोठी चूक. मृत्यूचा दाखला, वृत्तपत्रातील निधनवार्ता आणि थडग्यावरचा मजकूर हे तिन्ही एकच जन्मतारीख देत असतील, तर ते तीन साक्षीदार नव्हेत. बहुधा दुःखात असलेल्या एकाच मुलाने किंवा जावयाने ती माहिती तिघांना दिलेली असते, आणि तो वडिलांच्या जन्माच्या वेळी हजर नव्हता, हे उघड आहे. उलट गावच्या पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या दिवशी लिहिलेली एकच ओळ या तिघांवर भारी ठरते. माहिती कोणी दिली, घटनेनंतर किती काळाने दिली आणि वेगळे सांगण्यात त्याचे काही हित होते का, हे तीन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावे लागतात. तोच पाद्री बाप्तिस्म्याबाबत विश्वासार्ह, पण आईच्या माहेरच्या गावाबाबत ऐकीव लिहिणारा असू शकतो. विश्वास संपूर्ण कागदावर ठेवायचा नसतो, त्यातल्या एकेका विधानावर ठेवायचा असतो.

या कामाला आयुष्य देणाऱ्यांत विंथ्रॉप बेल यांचे नाव घ्यावे लागेल. नोव्हा स्कोशियात १७५० ते १७५२ या काळात ब्रिटिशांनी जर्मन प्रदेश, स्वित्झर्लंड आणि मोंबेलियार येथून सुमारे २,७०० प्रोटेस्टंट आणले. १७५३ मध्ये त्यांतल्या बहुसंख्यांनी लुनेनबर्ग वसवले. बेल हे ग्योटिंगेनमध्ये हुसेर्लचे विद्यार्थी होते आणि पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत कैदेत होते. पुढे त्यांनी शिधावाटपाच्या, जमीनवाटपाच्या आणि चर्चच्या याद्या एकमेकींवर घासून एकेका वसाहतकाराची ओळख पटवली. त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिधा घेणाऱ्याचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले, जमिनीच्या कागदावर तेच वेगळे. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला शेजारच्यांची नावे कामी आली.

हा सगळा खटाटोप केवळ हौसेचा नाही. अनेक मराठी घरांत आता जर्मन-कॅनेडियन सून किंवा जावई आहे आणि नातवंडांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कधी तरी निघतोच. जर्मनीच्या १८७० च्या कायद्यानुसार सलग दहा वर्षे परदेशात राहणाऱ्याचे नागरिकत्व सामान्यतः संपत असे, जर त्याने वकिलातीत नोंद केली नसेल तर. १९१४ च्या आरंभी लागू झालेल्या नव्या कायद्याने ही अट काढली. म्हणजे पणजोबा १९०२ मध्ये आले की १९०५ मध्ये, यावर पणतवाचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. तितकेच महत्त्वाचे आणखी एक वर्ष: त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व मुलाच्या जन्माआधी घेतले की नंतर? आगमनाचे वर्ष १९०१, १९११ आणि १९२१ या तिन्ही जनगणनांत विचारलेले आहे आणि उत्तरे क्वचितच एकसारखी असतात. ओसीआयच्या अर्जासाठी आजोबांच्या नावाचे दोन दाखले जुळवताना ज्यांनी प्रतिज्ञापत्रे केली आहेत, त्यांना या फरकाची किंमत सांगायला नको. अशा वेळी जनगणना हा केवळ माग असतो; पुरावा जहाजाच्या यादीत आणि नागरिकत्वाच्या मूळ कागदांत शोधावा लागतो.

१९३१ ची जनगणना जून २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात जर्मन मूळ सांगणारे पुन्हा ४ लाख ७० हजारांच्या पुढे गेलेले दिसतात. १९२१ मध्ये 'डच' असलेले एखादे कुटुंब दहा वर्षांनी त्याच घरात काय सांगत होते, हे आता नावानिशी पाहता येते. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये डचांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. त्या जनगणनेची घरोघरची पाने ९२ वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमानुसार २०३३ मध्ये उघडतील.